मांगरातले जोडयंत्र: ऑक्टोबर ते जुलै

५ ऑक्टोबर २०२३

सुतारकामाचे जुने यंत्र काल संध्याकाळी घरी पोहोचले. गोव्यातील एक फर्निचरचा कारखाना काही वर्षांपूर्वी बंद झाला आणि तेव्हापासून हे यंत्र त्याच्या मागच्या पडवीत ताडपत्रीखाली उभे होते. पाच कामांचे हे जोडयंत्र आहे: वरून सपाटी करणारा रंधा, त्याच रुळाखालून (पाती बसवलेल्या फिरत्या दंडगोलाखालून) जाडी काढणारा थिकनेसर, गोल करवत, मोल्डिंगचा उभा स्पिंडल आणि कुसासाठी साळ (खाच) पाडणारा मोर्टायझर. मोटर एकच आहे आणि पट्टा ज्या पुलीवर चढवावा ते काम सुरू होते. वजन चारशे किलोच्या आसपास असावे, कारण टेम्पोतून उतरवताना सहा माणसे, दोन लोखंडी पाइप आणि मांगराच्या, म्हणजे घराबाहेरच्या कोठाराच्या, तुळईला अडकवलेली चेन-पुली एवढे सगळे लागले.

घराच्या खिडक्या आणि माळ्याचा जिना नव्याने करायचा आहे. परसातला वाठलेला फणस तोडून, कापून, चार वर्षे रचून ठेवलेला आहे. एवढ्या लाकडाला हातरंधा पुरणार नाही आणि पाच वेगवेगळी यंत्रे ठेवायला आमच्या मांगरात जागा नाही. म्हणून हे जुने यंत्र घेतले.

शेजारचे सुतारकाका संध्याकाळी पाहायला आले. त्यांनी टेबलावरून बोट फिरवून ते हुंगले आणि एवढेच म्हणाले, "मशीन बरा आसा रे, पण ताडपत्रीन खाल्लान ह्या." ते खरे आहे. ताडपत्री पाऊस अडवते, पण जमिनीतून वर येणारी वाफही आत कोंडून धरते. रात्री लोखंड गार झाले की तीच वाफ पाणी होऊन त्यावर बसते आणि वेंगुर्ल्यासारख्या ठिकाणी त्या पाण्यात मीठ असतेच. उघड्या पडवीत नुसते कापड टाकून ठेवले असते, तर गंज यापेक्षा कमी चढला असता असे माझे मत आहे.

८ ऑक्टोबर २०२३

आज काहीही न उघडता फक्त तपासणी केली. सुट्या भागांना मी फारसा घाबरत नाही, कारण बेअरिंग, पट्टे, पाती आणि स्विच नवे मिळतात. जे नवे मिळत नाही ते म्हणजे बिडाचे (ओतीव लोखंडाचे) सांगाडे आणि टेबले. म्हणून लाकडी हातोडीने प्रत्येक बिडाच्या भागावर हलके ठोकून नाद ऐकला. अखंड बीड घुमते आणि तडा गेलेले बद्द वाजते. पाचही टेबले घुमली. फक्त मोर्टायझरच्या टेबलाच्या एका कानाला जुनी भेग आहे आणि तिच्यावर कोणीतरी पूर्वी पितळी झाळकाम केलेले आहे. ते अजून टिकून आहे.

यंत्राच्या नावाची पट्टी गायब आहे आणि तिच्या जागी रिव्हेटची चार भोके तेवढी उरली आहेत. मात्र मोटरची पट्टी शाबूत आहे: २.२ किलोवॅट, २२०/३८० व्होल्ट, ५० हर्ट्झ, मिनिटाला २८५० फेरे. आपल्याकडच्या जुन्या तीनफेज मोटरवर बहुधा ४१५ व्होल्ट लिहिलेले असते. २२०/३८० हा युरोपातला जुना दाब असून तो पुढे तिथेही २३०/४०० करण्यात आला. त्यामुळे यंत्र परदेशी आणि चांगलेच जुने असावे. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी जोडयंत्रे युरोपातील छोट्या सुतारशाळांसाठी मोठ्या प्रमाणावर बनू लागली. इटलीतील रिमिनीच्या एससीएम कंपनीने १९५२ साली बाजारात आणलेले पहिले यंत्रसुद्धा जोडयंत्रच होते. एक माणूस, एक खोली आणि एक मोटर हा त्या काळातला हिशेब होता आणि आमच्या मांगरात आजही तोच आहे.

१५ ऑक्टोबर २०२३

यंत्र सुटे करण्यास सुरुवात केली. प्रत्येक बोल्ट काढण्यापूर्वी फोटो घेतला, प्रत्येक भागाला खडूने क्रमांक दिला आणि त्या त्या भागाचे बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत डिझेलमध्ये बुडवून ठेवले. अडकलेल्या बोल्टांना आदल्या रात्री डिझेल पाजले होते. त्याने जे सुटले नाहीत त्यांच्या भोवतालचे बीड गरम केले आणि गार होऊ दिले, असे तीन-चार वेळा केल्यावर तेही सुटले. गंजलेला बोल्ट एकदम सोडवण्याच्या दिशेने ओढू नये. आधी किंचित आवळावा, मग किंचित सोडवावा आणि असे पुढेमागे करत आणावा. एवढा धीर धरला तर बोल्ट सहसा तुटत नाही.

हे सगळे माहीत असूनही करवतीच्या दांड्यावर मी चूक केली. नट सुटत नाही म्हणून पान्याला लांब पाइप लावून जोर केला, नट आणखी घट्ट झाला आणि पहिल्या दोन आट्यांचे काठ सोलले गेले. तिथले आटे उलटे होते. करवत फिरताना नट आपोआप सैल होऊ नये म्हणून अनेक यंत्रांवर ते मुद्दाम उलटे ठेवलेले असतात. पान्याला हात घालण्यापूर्वी दांड्याच्या टोकाला दिसणाऱ्या आट्यांचा तिरपा मी निरखून पाहिला असता, तर हे तिथेच समजले असते. आता तो दांडा कुडाळला लेथवर नेऊन आटे साफ करून आणावे लागतील. यंत्राच्या कडेवर रंगाने मोठा बाण काढून ठेवला आहे.

२३ ऑक्टोबर २०२३, खंडेनवमी

काम बंद. रंध्याचा रूळ, तीन पाती, गुण्या, पटाश्या आणि सुतारकाकांनी मला दिलेला सागवानी हातरंधा असे सगळे पाटावर मांडून पूजा केली.

२९ ऑक्टोबर २०२३

गंज काढण्याचे काम दोन आठवडे चालले होते, ते आज बहुतेक संपले. टेबलांच्या वरच्या सपाट पृष्ठभागाला ग्राइंडर लावायचा नाही हे मी आधीच ठरवले होते. फिरत्या चकतीने गंज लवकर जातो, पण जिथे हात जास्त रेंगाळतो तिथे खळगा पडतो आणि तो पुन्हा भरून काढता येत नाही. म्हणून टेबलांवर रॉकेल टाकून लाकडी ठोकळ्याभोवती गुंडाळलेल्या बारीक पॉलिश पेपरने हातानेच घासले. लाल गंज सुटला आणि खाली काळपट डाग उरले. ते डाग बोटाला लागत नाहीत, लाकडावर उमटत नाहीत आणि खोलही नाहीत, तेव्हा ते तसेच राहू दिले. टेबल चकचकीत दिसावे म्हणून आणखी बीड घासण्याचा मोह कित्येकांना होतो. टेबलाची किंमत त्याच्या सपाटीत आहे, चकाकीत नाही.

हँडल, कंस, गाइडचे पाय अशा छोट्या भागांसाठी विजेचा उपाय केला. पन्नास लिटरच्या प्लास्टिकच्या पिंपात पाणी भरून त्यात अर्धा किलो धुण्याचा सोडा विरघळवला, कडेने साध्या लोखंडी पत्र्याचे तुकडे उभे केले आणि मधोमध गंजलेला भाग तारेने टांगला. बारा व्होल्टच्या बॅटरी चार्जरचे ऋण टोक त्या भागाला आणि धन टोक पत्र्यांना जोडले. थोड्याच वेळात भागावरून बारीक बुडबुडे वर येऊ लागले आणि सकाळपर्यंत पिंपावर तांबूस-तपकिरी साय धरली होती. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून पिंप अंगणात माडाच्या सावलीत ठेवले होते. पत्रा स्टेनलेसचा घ्यायचा नाही, कारण त्यातल्या क्रोमियमपासून विषारी संयुगे पाण्यात उतरतात. स्प्रिंगा आणि कडक केलेले पोलादी बोल्टही यात टाकले नाहीत, कारण हायड्रोजन पोलादात शिरला की ते ठिसूळ होते.

पिंपातून भाग बाहेर काढल्यावर काय होते ते इथे नोंदवून ठेवतो. करड्या रंगाचा ओला कंस मी फडक्यावर ठेवला, दुसरा काढण्यासाठी वळलो आणि परत पाहिले तर पहिल्याच्या कडांवर हळदीसारखी पिवळी झाक आली होती. जेमतेम पाच मिनिटे झाली असतील. ऑक्टोबरच्या उकाड्यात, समुद्रापासून पाऊण किलोमीटरवर, उघड्या लोखंडाला एवढाच वेळ मिळतो. त्यानंतरचा प्रत्येक भाग काढल्याबरोबर कढत पाण्यात बुडवला, त्याच उष्णतेने तो क्षणात सुकला आणि गरम असतानाच त्याला तेल लावले. पितळी मोजपट्ट्या मात्र चिंचेच्या कोळाने घासल्या आणि त्यांवरचे आकडे पुन्हा वाचता येऊ लागले.

७ नोव्हेंबर २०२३

रुळाची दोन्ही बेअरिंगे काढली. हाताने फिरवताना ती खरखरत होती, पण कारण पाहायचे म्हणून त्यांतले एक कापून उघडले. आतल्या कड्याच्या वाटेवर सारख्या अंतरावर काळसर ठिपके होते, प्रत्येक गोळीखाली एक. यंत्र वर्षानुवर्षे एकाच स्थितीत उभे राहिल्यामुळे गोळ्या एकाच जागी टेकून राहिल्या, ग्रीस सुकून बाजूला सरकले आणि नेमक्या त्या टेकण्याच्या जागी ओल शिरून धातू खाल्ला गेला. हे यंत्र चालून झिजलेले नाही. जे काही बिघडले आहे ते उभे राहून बिघडले आहे, हे या ठिपक्यांवरून माझ्या मनात पक्के झाले.

जुन्या कड्यावर ६२०६ हा क्रमांक वाचता आला: आतील व्यास ३०, बाहेरील ६२ आणि रुंदी १६ मिलिमीटर. हा आकार जगभर एकच असल्यामुळे यंत्राचा बनवणारा माहीत नसला तरी अडत नाही. नवी बेअरिंगे घेताना दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेली घेतली, कारण नुसत्या पत्र्याच्या झाकणातून लाकडाची बारीक धूळ आत जाते. कोल्हापूरला उद्यमनगरात टेबलांचे काम दाखवायला जायचेच होते, तेव्हा आंबोली घाटाने जाऊन तिथल्या अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह आणली. बेअरिंगांत बनावट माल फार येतो आणि मिनिटाला पाच हजार फेरे घेणाऱ्या रुळावर तो चालवण्याचा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

बसवताना ती तेलाच्या भांड्यात गरम केली नाहीत, कारण सीलबंद बेअरिंगला ते चालत नाही. बल्बखाली हाताला चांगला चटका बसेल इतकी तापवली आणि रूळ रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला. घरातल्यांनी त्यासाठी सगळा खालचा कप्पा मोकळा करून दिला. सकाळी फक्त आतल्या कड्यावर टेकणाऱ्या पाइपच्या तुकड्याने दोन हलके ठोके दिले आणि दोन्ही जागेवर बसली. बाहेरच्या कड्यावर ठोका मारला तर तो धक्का गोळ्यांतून आत जातो आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होते.

२० नोव्हेंबर २०२३

वीज. घरी एकफेज जोडणी आहे आणि मोटर तीनफेजची. २२०/३८० ही पट्टी इथे उपयोगी पडली, कारण अशा मोटरची वेटोळी डेल्टा जोडणीत बांधली की तिला २२० व्होल्टचे तीन फेज चालतात आणि घरच्या २३० व्होल्टवर चालणारा व्हीएफडी ड्राइव्ह (एकफेजपासून तीनफेज वीज करून देणारे उपकरण) नेमके तेच देतो. ४१५ व्होल्टला स्टारमध्ये कायमची बांधलेली मोटर असती तर हा मार्ग मिळाला नसता. २.२ किलोवॅटचा ड्राइव्ह पूर्ण भाराला एकफेजवरून वीस अँपियरहून अधिक ओढतो. म्हणून मीटरपासून स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढून घेतली आणि मंजूर भार वाढवण्याचा अर्जही दिला.

जुना स्टार-डेल्टा स्विच काढून टाकला. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये चालू-बंद करणारा स्विच ठेवणे ड्राइव्हला घातक असते. चालू-बंदची सगळी बटणे आता ड्राइव्हलाच जोडली आहेत आणि मोठे लाल बटण गुडघ्याच्या उंचीवर बसवले आहे. दोन्ही हात लाकडावर असताना ते गुडघ्यानेच दाबता यायला हवे.

मोटर मात्र जोडण्याआधी मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तपासली. वेटोळी आणि मोटरचे अंग यांच्यातला रोध फक्त ०.३ मेगओम भरला. किमान एक तरी हवा. वेटोळी जळालेली नव्हती, ओल खाऊन बसली होती. मोटरची दोन्ही झाकणे काढून आत शंभर वॉटचा बल्ब ठेवला, वरून गोणपाट सैल टाकले आणि दोन दिवस, दोन रात्री तसेच राहू दिले. नंतर १८ मेगओम आला. अशी ओलसर मोटर थेट चालू करून जाळल्याची आणि मग "जुन्या मोटरचा काय भरवसा" म्हणून भंगारात घातल्याची दोन उदाहरणे मी स्वतः आमच्या पंचक्रोशीत पाहिली आहेत.

अर्थिंगचा प्रश्न आमच्याकडे वेगळाच असतो. आमचे अंगण जांभ्याचे आहे. दांडा दोन हातांहून खोल जात नाही आणि फेब्रुवारीनंतर कातळ कोरडाठाक पडतो. म्हणून अर्थिंग अंगणात न करता विहिरीच्या थारोळ्याजवळ, जिथे बारमाही ओल असते, तिथे केले आणि तार भिंतीवरून मांगरात आणली.

३ डिसेंबर २०२३

रंध्याची टेबले जुळवली आणि सगळा दिवस वाया गेला. लाकूड जिथून सुरू होते ते पुढचे टेबल आणि कापून झाल्यावर जिथे उतरते ते मागचे. दोन्हींवर एक मीटरची पोलादी सरळपट्टी ठेवून मी ती एका पातळीत आणली, इतकी की फट मोजण्याचे ०.०५ मिलिमीटरचे फीलर पाते कुठेही खाली शिरेना. संध्याकाळी समाधानाने डायल गेज (सूक्ष्म फरक काट्याने दाखवणारे मोजयंत्र) मागच्या टेबलावर ठेवला आणि त्याचे टोक रुळाच्या अंगावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेकवून पाहिले. तीनशे दहा मिलिमीटरमध्ये ०.२४ चा फरक निघाला. टेबले एकमेकांशी जुळली होती, पण दोन्ही मिळून रुळाशी तिरकी होती.

मला आधी वाटले की पाती बसवताना एका बाजूला जरा जास्त बाहेर काढली की झाले. सुतारकाका तेव्हा दारात बसले होते. ते म्हणाले, "टेबलाक कित्याक इचारतंस? रुळाक इचार."

त्यांचे म्हणणे नीट समजायला मला रात्र लागली. हा एकच रूळ वरून रंधा म्हणून चालतो आणि खालून थिकनेसर म्हणून. पाती तिरकी लावून वरचे काम सरळ केले, तर तोच तिरपेपणा खाली प्रत्येक फळीच्या जाडीत उतरेल. मग थिकनेसरचे टेबल तिरके करावे लागेल, मोर्टायझर याच रुळाच्या टोकाला असल्यामुळे त्याचेही, आणि चूक सगळ्या यंत्रभर फिरत राहील. शिवाय रूळ हलवताच येत नाही, कारण त्याची बेअरिंगे बिडाच्या सांगाड्यात कोरलेल्या घरांत बसलेली आहेत. जे हलत नाही तेच मोजण्याचे मूळ धरायला हवे, आणि मी हलणाऱ्यापासून सुरुवात केली होती.

१० डिसेंबर २०२३

नव्याने सुरुवात केली. आधी फक्त मागचे टेबल घेतले आणि डायल गेजने ते रुळाशी समांतर केले. त्याच्या बैठकीच्या चार बोल्टांपैकी विहिरीकडच्या दोघांखाली ०.१ मिलिमीटरच्या पितळी पत्र्याच्या पट्ट्या घातल्या, एकाखाली एक आणि दुसऱ्याखाली दोन. बोल्ट आवळला की काटा हलतो, म्हणून प्रत्येक वेळी पूर्ण आवळूनच वाचले. अकराव्या खेपेला दोन्ही टोकांतला फरक ०.०२ वर आला आणि तिथे थांबलो. त्यानंतर पुढचे टेबल मागच्याशी जुळवले आणि त्याची गिबपट्टी (सरकत्या भागाचा झोल काढणारी पट्टी) अशी बसवली की हँडल फिरवताना टेबल जड वाटावे पण अडू नये. टेबलाच्या मोकळ्या टोकाला झोल होता, तोही गिब आवळल्यावर गेला. मागच्या रविवारचे काम दिवसभर चालले होते, हे तीन तासांत झाले.

१७ डिसेंबर २०२३

पाती. जुनी तीनही हायस्पीड पोलादाची, धार लावून घेण्याजोगी. धार लावून आणल्यावर तराजूवर वजन केले, एक पाते इतर दोघांपेक्षा चार ग्रॅम जड भरले, म्हणून ते मागच्या कडेने घासून बरोबरीत आणले.

बसवण्याची पद्धत जुनीच आहे. मागच्या टेबलावर एक सरळ लाकडी पट्टी ठेवायची आणि तिच्यावर टेबलाच्या कडेपाशी पेन्सिलीची खूण करायची. मग रूळ हाताने हळू फिरवायचा. पाते पट्टीला टेकते, तिला किंचित उचलून पुढे नेते आणि सोडते. ती जितकी पुढे गेली तितकी दुसरी खूण करायची. तीनही पात्यांनी, दोन्ही टोकांना, पट्टी सारखीच चार मिलिमीटर पुढे नेली पाहिजे. हे जमेपर्यंत दुपार झाली, पण पट्टीवरच्या त्या दोन खुणांएवढे खरे बोलणारे दुसरे मोजमाप मला माहीत नाही.

सारखेपणाचा एवढा आग्रह का, ते गणिताने दिसते. मोटरची पुली १२५ आणि रुळाची ७० मिलिमीटरची, म्हणजे रूळ मिनिटाला साधारण ५०९० फेरे घेतो. तीन पाती धरली तर पंधरा हजारांहून अधिक काप होतात. थिकनेसर मिनिटाला सहा मीटर लाकूड ओढतो, तेव्हा दोन कापांमधले अंतर ०.४ मिलिमीटर येते आणि पृष्ठभाग हाताला गुळगुळीत लागतो. पण एकच पाते केसभर वर असेल, तर शेवटचा काप तेच करते, अंतर तिप्पट म्हणजे १.२ मिलिमीटर होते आणि तिरप्या उजेडात फळीवर लाटा दिसतात. पाती धरून ठेवणाऱ्या पाचरांचे बोल्ट थोडे थोडे करून क्रमाने आवळले, दोन मिनिटे रिकामे चालवून बंद केले आणि पुन्हा तपासले. एक बोल्ट पाव फेरा आणखी आवळला गेला. ही दुसरी तपासणी कधीही चुकवायची नाही.

७ जानेवारी २०२४

थिकनेसरचे टेबल पात्यांशी समांतर केले. लाकूड आत ओढणाऱ्या दातेरी रुळात राळ आणि भुसा यांचा दगडासारखा थर बसला होता, तो रॉकेल आणि पितळी ब्रशने काढला.

सर्वांत जास्त वेळ लागला तो लाकूड मागे फेकले जाऊ नये म्हणून लावलेल्या बोटांना. एका दांड्यावर अशी सव्वीस पोलादी बोटे ओळीने टांगलेली आहेत. लाकूड आत जाताना ती वर उचलली जातात आणि लाकूड उलट येऊ लागले तर त्यात रुततात. गंजाने ती सगळी एकमेकांना चिकटून एक पट्टी झाली होती. म्हणजे ती दिसत होती, पण नव्हतीच. एकेक सोडवून, घासून, कोरडी करून पुन्हा ओवली. त्यांना तेल लावले नाही, कारण तेलाला भुसा चिकटतो आणि बोटे पुन्हा जखडतात. शेवटी प्रत्येक बोट एका काडीने उचलून सोडले. सव्वीसच्या सव्वीस आपल्या वजनाने टकटक खाली पडली. जुने थिकनेसर यंत्र विकत घेणाऱ्याने बाकी काही पाहिले नाही तरी चालेल, पण ही बोटे हाताने उचलून पाहावीत.

२१ जानेवारी २०२४

करवतीचा दांडा आटे साफ होऊन आला. तीनशे मिलिमीटरचे कार्बाइड दातांचे नवे पाते बसवले. मिनिटाला जवळजवळ ३९६० फेऱ्यांना त्याच्या दातांचा वेग सेकंदाला ६२ मीटर होतो. पात्यामागची रायव्हिंग नाइफ यंत्राबरोबर आलीच नव्हती. कारखान्यात ती काढून ठेवली गेली असावी, पुष्कळ ठिकाणी "अडते" म्हणून काढतात. फणसासारखे अंतर्गत ताण असलेले लाकूड उभे चिरताना चीर मिटते, पात्याला मागून चिमटते आणि फळी माणसाच्या पोटाकडे उडते. ती चीर उघडी धरणारी ही पट्टी आहे. पात्याची चकती २.२ आणि दातांची रुंदी ३.२ मिलिमीटर, तेव्हा पट्टी या दोहोंच्या मधली म्हणजे २.५ मिलिमीटरच्या पत्र्याची करून घेतली आणि दातांपासून पाच मिलिमीटरवर बसवली. ती बसेपर्यंत करवत चालू करायची नाही असे घरात सगळ्यांना सांगून ठेवले होते.

सरकत्या टेबलाचा काटकोन पाच कापांनी तपासला. एका प्लायच्या तुकड्याची चारही बाजू क्रमाने फिरवत कापली आणि पाचव्या कापाला निघालेल्या पट्टीची जाडी दोन्ही टोकांना मोजली. पाचशे मिलिमीटरच्या पट्टीत ०.८ चा फरक आला. चूक चौपट होऊन दिसत असल्यामुळे खरा तिरपेपणा ०.२ होता. गाइड तेवढा सरकवला. दुसऱ्या खेपेला फरक ०.१ च्या आत होता.

११ फेब्रुवारी २०२४

फणसाची पहिली फळी घातली. रंध्याखालून हळदीच्या रंगाच्या लांब ढलप्या निघाल्या आणि मांगरभर पिवळी धूळ झाली. दोन फळ्या रंधून कडेला कडा लावल्या व उजेडासमोर धरल्या, मधून उजेड आला नाही. सुतारकाकांनी फळी उलटून पुन्हा धरली, तेव्हाही आला नाही. त्यांनी मान हलवली आणि ते घरी गेले.

खिडक्यांच्या चौकटींना जुना साग वापरायचा आहे. सागात नैसर्गिक वाळूचा अंश असल्यामुळे पात्यांची धार लवकर जाते, म्हणून फणसाचे सगळे काम आधी उरकतो. ऐनाचा भुसा काम संपल्याबरोबर झाडायचा. तो ओला होऊन टेबलावर रात्रभर राहिला तर बिडावर शाईसारखा काळा डाग पडतो.

५ मे २०२४

पावसाळ्याची तयारी. टेबले रॉकेलने पुसून कोरडी केली आणि मधमाशीचे मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून त्याचा पातळ थर चोळला. सिलिकॉनचे स्प्रे मी यंत्रावर मारत नाही, कारण ते लाकडावर उतरले की पॉलिश धरत नाही. खोबरेल तेलही नको, ते चिकट होऊन त्याला भुसा चिकटतो. ज्या भागांना लाकूड लागत नाही त्यांना ग्रीस लावले. पट्टे सैल केले. यंत्राच्या पोटात चाळीस वॉटचा बल्ब बसवला, तो पावसाळाभर दिवसरात्र चालू राहील. भोवतालच्या हवेपेक्षा लोखंड दोन-तीन अंश जरी ऊबदार राहिले तरी त्यावर दव धरत नाही. ड्राइव्हच्या पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्या. यंत्रावर ताडपत्री नाही, जुन्या सुती साड्यांची गोधडी.

दर आठवड्याला पट्टा चढवून दहा मिनिटे यंत्र चालवायचे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या जागा बदलतील. तारखा भिंतीवर लिहिल्या आहेत.

१४ जुलै २०२४

आर्द्रता मांगरात ९३ टक्के. बाहेर आठ दिवस ऊन नाही. गोधडी काढली तेव्हा टेबले मेणाखाली स्वच्छ होती, रूळ स्वच्छ, बोटे सुटी. फक्त मागच्या टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात गंजाने उमटलेला एक पूर्ण पंजा होता: पाच बोटे, तळव्याची गादी, अंगठ्याच्या मुळाची रेघसुद्धा वाचता येईल इतका स्पष्ट. मागच्या रविवारी यंत्र चालवल्यावर मी तिथेच हात टेकून उभा होतो. घामातल्या मिठाने मेण भेदले आणि सात दिवसांत काम केले.

बारीक घासणीने रॉकेल लावून तो काढला, पुन्हा मेण चोळले. करंगळीची खूण पुसट राहिली आहे. टेबलाच्या कडेला खिळा ठोकून त्यावर कोरडे सुती फडके अडकवले, हात टेकायचा तर त्यावरून. मोर्टायझरचा चक (कापणारे हत्यार पकडणारा भाग) अजून उघडलेला नाही, त्याची दाढ एका बाजूला अडते. पाऊस सरल्यावर तो घ्यायचा.